उफूको

आधी फक्त शेपूट होती.
शेगडीच्या बाजूला, भिंतीवर, कोळशानं
एक वाकडी रेघ, दाराबाहेर गेलेली.
"बाकीचा कुठंय?" मी विचारलं.
"बाहेर. जेवतोय."

लिउएन साडेचार वर्षांचा.
पातागोनियाच्या या पठारावर शेजार म्हणजे
अकरा किलोमीटरवरचा सिस्तो म्हातारा,
आणि खेळगडी म्हणजे मेंढ्या.
मेंढ्यांशी खेळण्यात मजा नाही,
त्या सगळ्यालाच हो म्हणतात.

उफूकोला सहा पाय. चार चालायला,
दोन नुसतेच, थकला तर असावेत म्हणून.
अंगावर लोकर नाही,
म्हणजे कातरणीच्या दिवसांत कुणी धरायला नको.
डोळे पाठीवर, कारण समोरून धूळ येते.
आणि खातो वारा.
रश्शातलं मटण नको, पाव नको,
मी मुद्दाम विचारून घेतलं.
वारा प्यालेली वासरं पाहिली होती,
वारा जेवणारं हे पहिलंच.

बरं, वाऱ्याला इथं काय तोटा!
डोंगर उतरून थेट येतो,
पत्र्याचे खिळे उपटतो,
माझ्या चादरी कुंपणाच्या तारेवर नेऊन फाडतो.
पॉपलरची रांग लहानपणी पूर्वेला वाकली
ती वाकलीच.
लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्याला
रोज शिव्या घालते.
माझी अर्धी वाक्यं त्यानं नेली,
उरलेली ऐकायला नवरा घरी नसतो:
चौदा दिवस तेलविहिरीवर, सात दिवस इथं,
त्यातले दोन झोपेत.

"उफूको खातो म्हणून एवढाच उरतो,"
पोरगं म्हणालं. "नाहीतर घर गेलं असतं."
हे मात्र मला पटलं.

मग फेब्रुवारीत, एका मंगळवारी,
वारा पडला.
पडला म्हणजे पडलाच.
धूर सरळ वर गेला आणि पुढं काय करायचं
ते न सुचून तिथंच थांबला.
मेंढ्यांना पाठ कुणाकडं करावी कळेना.
मी पाच चादरी वाळत घातल्या,
पाचही घातल्या तिथंच राहिल्या.
अंगणात माझीच पावलं मला ऐकू आली,
वाटलं, कोण बाई आलीय?

आणि लिउएन उंबऱ्यात बसून हमसत होता.
"उपाशी आहे तो. कालपासून."

म्हटलं, निजेल जरा.
म्हटलं, पोटात थोडा साठवला असेल.
"त्याला पोट नाहीये, आई. तो आरपार आहे."

मग काय करता?
एक चादर काढली, दोन टोकं त्याची, दोन माझी,
आणि भर दुपारी, भर अंगणात
आम्ही कुणालाच वारा घालत उभे राहिलो.
सायकलचा पंप आणला. पिठाची रिकामी पोती झटकली.
"एक घास झाला," तो म्हणाला. "लहान."

सिस्तो पान्याची जोडी परत करायला आला.
गाडीतूनच बघत बसला बराच वेळ.
उतरला, मागच्या सीटखालून
अकॉर्डियनची पेटी ओढली.
बायको गेल्यापासून ते बंद आहे, असं ऐकून होते.
त्यानं वाजवलं नाहीच.
त्याला एक बटण असतं, दाबलं
की सूर निघत नाही, नुसता श्वास जातो.
"तोंड कुठंय?" एवढंच विचारलं.
पोरानं बोट दाखवलं: माझ्या कमरेच्या उंचीवर,
जरा डावीकडं.
तिथं म्हाताऱ्याने भाता धरला.
उघडला. मिटला. उघडला.
ऊन उतरेपर्यंत कुणी बोललं नाही,
मध्ये एकदा लिउएन म्हणाला, "चावू दे त्याला."
सिस्तो थांबला.

रात्री अडीचला पत्रा कडाडला.
उठून पाहिलं, अंगणात विसरलेली चादर
गेलेली.
पोर तोंड उघडं टाकून झोपलेलं.
शिवी ओठावर आली होती माझ्या.
दार किलकिलं केलं.
बाहेर अंधारात मोठ्यानं, आधाशासारखं
काहीतरी चाललं होतं.

"सावकाश," मी म्हटलं.
"ठसका लागेल."